सणापुरती मोकळी जीभ: आफ्रिकेतल्या सणांची गाणी नेमकं काय करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: आफ्रिकेतल्या पारंपरिक सणांमध्ये गाण्यांचं सामाजिक काम काय आणि धार्मिक काम काय? ती देवासाठी असतात की लोकांच्या करमणुकीसाठी? आणि आज चर्च, मशिदी, मोबाइलच्या काळात त्यातलं काय उरलंय?

मी लोकसंगीत नोंदवण्याचं आणि शिकवण्याचं काम करते. त्यातली बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेच्या संगीतात गेली आहेत, त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकलेलं असेल. ‘आफ्रिकेतले सण’ हा शब्दच मुळात फार ढगळ आहे. 54 देशांच्या खंडावर एक वाक्य लागू पडत नाही. म्हणून चार-पाच ठिकाणं घेते, ज्यांच्याबद्दल मला खात्रीने बोलता येतं: घानामधलं तेचिमान आणि अक्रा, बेनिन आणि नायजेरियातला योरुबा मुलूख, आणि दक्षिणेचं इस्वातिनी, म्हणजे जुनं स्वाझीलँड.

माझं मत आधीच सांगून टाकते. धार्मिक आणि सामाजिक असे दोन कप्पे करून बसलात तर ही गाणी हातातून निसटतात. सणातलं गाणं एरवी बोलायची बंदी असलेली गोष्ट चारचौघांत बोलतं, आणि ते बोलायचा परवाना त्याला देवाकडून मिळालेला असतो. परवान्याला तारीख असते, जागा असते, आणि तो कोणाला मिळेल हेही ठरलेलं असतं. देव बाजूला काढला की ती निव्वळ शिवीगाळ होते. शिवीगाळ काढून टाकली तर देवालाही त्या सणात फारसं काम उरत नाही.

तेचिमानचा अपो सण घ्या. बोनो लोकांचा हा सण साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतो. त्या दिवसांत कोणीही कोणालाही, अगदी राजालासुद्धा, त्याच्या तोंडावर गाण्यातून सुनावू शकतो. विलेम बॉसमन नावाच्या डच व्यापाऱ्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच गोल्ड कोस्टवरच्या, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्यावरच्या, अशाच एका आठ दिवसांच्या उत्सवाबद्दल लिहून ठेवलंय. थोरामोठ्यांच्या लबाड्या, लफडी, अन्याय लोक उघड गातात आणि कोणाला शिक्षा होत नाही, याचं त्याला नवल वाटलं होतं. पुढे आर. एस. रॅट्रे या ब्रिटिश अधिकारी-मानववंशशास्त्रज्ञाने 1922 मध्ये तेचिमानला राहून हा सण दिवसागणिक टिपला. तिथल्या तानो देवाच्या वृद्ध पुजाऱ्याने त्याला जे कारण सांगितलं, ते मी विद्यार्थ्यांना आजही पहिल्याच तासाला सांगते.

पुजाऱ्याचं म्हणणं असं: प्रत्येक माणसात एक ‘सुनसुम’ असतो, आत्म्यासारखा. दुसऱ्याने तुमच्यावर अन्याय केला आणि तुम्ही तो राग मनात साठवत गेलात की तुमचा सुनसुम आजारी पडतो, आणि त्याबरोबर शरीरही. ज्याच्यावर राग आहे त्याचाही सुनसुम त्या रागाने दुखावतो. म्हणून पूर्वजांनी वर्षातून एक वेळ ठरवून दिली, की बाई-पुरुष, स्वतंत्र माणूस, गुलाम, सगळ्यांनी मनात आहे ते बोलून टाकावं, शेजाऱ्यालाही आणि राजालाही. बोलून झालं की बोलणाऱ्याचा सुनसुम थंडावतो आणि ऐकणाऱ्याचाही. राजाने तुमची पोरं मारली असतील, तुम्ही त्याचा द्वेष करत असाल, तर तुमच्या द्वेषाने तोही आजारी असतो. तुम्ही त्याच्यासमोर ते बोललात की दोघांचंही भलं होतं.

हे नीट वाचलंत तर लक्षात येईल की इथे सामाजिक तक्रार हाच धार्मिक उपचार आहे. रॅट्रेने नोंदवलेल्या एका गाण्याचा आशय असा आहे: साधा माणूस उंदीर खातो हे ठाऊक होतं, पण राजघराण्यातलाही खातो हे आज डोळ्यांनी पाहिलं, आज सगळं क्षेम आहे, म्हणून बोलतो, एरवी बोलता येत नाही. मला त्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. राजाची चेष्टा करता करता गाणारा स्वतःचा परवानाही दाखवतो. ‘आज’ हा शब्द त्या गाण्यात पुन्हा पुन्हा येतो तो उगाच नाही. आणि सण संपतो तो देवांची आसनं नदीवर नेऊन धुण्याने, हेही विसरू नका. माणसांची मनं आणि देवांची आसनं एकाच आठवड्यात धुतली जातात.

आपल्याकडच्या वाचकाला इथे शिमगा आठवेल, आणि आठवायलाही हरकत नाही. कोकणात बोंबा मारून वर्षाची भडास काढतात, तीही देवाच्या सणातच. पण शिमग्यात शिवी बहुतेक वेळा मोघम असते, कोणाच्याही नावाने खपते. अपोमध्ये ती नेमकी असते: अमुक माणसाने अमुक केलं. राजाने हसत ऐकून घ्यायचं हा त्याच्या पदाचा भाग असतो.

आता योरुबा मुलखात येऊ, कारण तिथे या परवान्याची बांधणी जास्त बारकाईने केलेली दिसते. बेनिनमधलं केतू आणि सीमेपलीकडचा नायजेरियाचा भाग इथे गेलेदे नावाचा सण होतो. युनेस्कोने 2001 मध्ये त्याला मौखिक वारशाचा दर्जा दिला, म्हणून त्याचे रंगीत मुखवटे आता जगभर दिसतात. दिवसाचा मुखवट्यांचा नाच सगळ्यांना माहीत असतो. गाण्याच्या माणसासाठी खरा सण आदल्या रात्री असतो. त्या रात्रीला ‘एफे’ म्हणतात.

एफे बाजारात होते. बाजार हे योरुबा समाजात बायकांच्या हुकमतीचं ठिकाण आहे, आणि हा सणच मुळी ‘आमच्या आयांसाठी’ असतो. इथे आया म्हणजे घरातल्या नव्हेत, किंवा फक्त घरातल्या नव्हेत. वयस्क बायकांमध्ये, पूर्वजांमधल्या स्त्रियांमध्ये आणि देवींमध्ये जी देण्याची आणि हिरावून घेण्याची ताकद असते, पाऊस, पोरं, धंद्याची बरकत, त्या सगळ्या ताकदीला उद्देशून तो शब्द आहे. युरोपीय लेखकांनी त्यांना सरसकट चेटकिणी म्हणून टाकलं, आणि त्यामुळे निम्मा अर्थ बुडाला. त्यांना खूश ठेवायचं, कारण त्या चिडल्या तर गाव बसतं. नाचणारे पुरुष असतात, पण मुखवट्याखाली बायकांचा पेहराव करून. मंडळाची प्रमुख, इयालाशे, स्त्री असते.

रात्र चढली की ओरो एफे हा गाणारा मुखवटा येतो. डोक्यावर भारी लाकडी मुखवटा, पायात लोखंडी वाळे. त्यांचा आवाज हेच त्याचं ठेक्याचं वाद्य. तो आल्या आल्या टीका सुरू करत नाही. आधी नमन. एशू, जो वाटा उघडतो. ओगुन, लोखंडाचा देव. पूर्वज. मग आया. प्रत्येकाकडून परवानगी मागून घेतो. हे नमन लांबलचक असतं, आणि बाहेरून आलेला माणूस इथेच कंटाळून जांभया देतो. पण गावकरी कान देऊन ऐकत असतात, कारण नमनात चूक झाली तर पुढचं सगळं उघड्यावर पडतं. एकदा परवानगी मिळाली की तो कोणालाही हात घालतो: लाच खाणारा अधिकारी, वजनात मारणारी व्यापारी बाई, भावकीची जमीन लाटणारा, परगावच्या पुढाऱ्याला विकला गेलेला सरपंच म्हणा ना. नाव घेऊन किंवा इतक्या खुणा देऊन, की नाव घ्यायची गरज पडत नाही. आणि त्या रात्री त्याला कोणी हात लावू शकत नाही.

त्याला कोणी हात लावू शकत नाही याचं कारण कायदा नाही. योरुबा समजुतीत बोललेल्या शब्दात ‘आशे’ असतो, घडवून आणण्याची शक्ती. देवांच्या आणि आयांच्या परवानगीने गायलेला शब्द फक्त वर्णन करत नाही, तो लागू होतो. ओरो एफे जेव्हा पाऊस यावा, बाळंतिणी सुखरूप सुटाव्यात असं गातो तेव्हा ते मागणं असतं, आणि जेव्हा चोराचं चांगलं होणार नाही असं गातो तेव्हा तो शाप असतो. दोन्ही एकाच चालीत, एकाच गळ्यातून.

इथे एक गोष्ट जवळून दाखवते, कारण पुस्तकात ती सहसा एका ओळीत उरकलेली असते. ओरो एफे कडवं एकदा पूर्ण गातो. मग त्याचे साथीदार, ज्यांनी ते आधीच गुपचूप पाठ केलेलं असतं, झील धरतात. दुसऱ्या फेरीला पुढच्या रांगेतले लोक जोडले जातात, तिसऱ्या-चौथ्या फेरीला अख्खा बाजार. ज्या गाण्याला झील मिळत नाही ते तिथेच मरतं, गाणारा निमूट पुढच्याकडे वळतो. ज्याला मिळते ते पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं जातं, आणि सण संपल्यावरही बाजारात, शेतावर, लग्नात ऐकू येत राहतं. गाणारा फक्त आरोप मांडतो. निवाडा झील देते. म्हणून मी नेहमी सांगते, सणाचं गाणं अभ्यासायचं असेल तर मुख्य गायकापेक्षा उत्तर देणाऱ्यांकडे मायक्रोफोन वळवा. कोणत्या ओळीवर आवाज वाढला आणि कुठे लोक चाचरले, यातून गावाबद्दल जे कळतं ते मुलाखतीत मिळत नाही.

योरुबा गाण्याबद्दल आणखी एक तांत्रिक बाब, कारण ती धर्माशी जोडलेली आहे. योरुबा भाषेत स्वराच्या उंचीने अर्थ बदलतो. उंच, मधली आणि खालची अशा तीन पातळ्या असतात. म्हणून चाल शब्दांच्या मागे जाते, मनाला येईल तशी बांधता येत नाही. याच कारणामुळे दुंदुन हा चामडी दोऱ्यांचा ढोल ‘बोलतो’. तो स्वरांची ती चढउतार वाजवतो आणि ऐकणारा शब्द ओळखतो. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी स्तोत्रांच्या चाली जशाच्या तशा ठेवून त्यावर योरुबा शब्द बसवले, तेव्हा ओळीच्या ओळी निरर्थक किंवा हास्यास्पद झाल्या. लागोसच्या कॅथेड्रलमध्ये जवळपास पाच दशकं ऑर्गन वाजवणारे एकुंदायो फिलिप्स यांच्यासारख्या संगीतकारांनी पुढे मुद्दाम भाषेच्या चढउताराला धरून नवी भजनं बांधली. म्हणजे चर्चला त्या लोकांत रुजायचं असेल तर सणाच्या गाण्याचा नियम पाळावा लागला.

आता उलटी बाजू: गाणं बंद ठेवण्याचं काम. अक्रा शहर ज्यांच्या मुलखात वसलंय त्या गा लोकांचा होमोवो सण ऑगस्टच्या सुमारास येतो. भुकेची, दुष्काळाची खिल्ली उडवायचा हा सण. मक्याच्या वाफवलेल्या पिठाचं क्पोक्पोई करतात, पाम फळाच्या रस्स्याबरोबर खातात, आणि प्रमुख ते पूर्वजांसाठी रस्तोरस्ती शिंपडत जातो. पण सण खऱ्या अर्थाने मे महिन्यात सुरू होतो, वुलोमो म्हणजे पुजारी बाजरीसारखं पवित्र धान्य पेरतात तेव्हा. त्यानंतर साधारण 30 दिवस शहरात ढोल आणि गोंगाट बंद. धान्य रुजताना देवांना शांतता हवी. तो काळ सरला की ‘ओदादा’ ढोल वाजवून बंदी उठवतात, आणि त्यानंतरच्या मिरवणुकांमधल्या गाण्यांत पुन्हा तेच, पुढाऱ्यांची आणि शेजाऱ्यांची बिनपाण्याची हजामत.

गाण्याच्या मोसमाला किंमत येते ती या महिन्याभराच्या उपासामुळे, असं मला वाटतं. आणि हीच जागा आज सगळ्यात जास्त पेटते. अक्रा आता सगळ्या जमातींचं महानगर आहे, आणि तिथल्या नव्या चर्चमध्ये रविवारी ड्रमसेट आणि लाउडस्पीकर लावून उपासना चालते. 1998 पासून पुढची काही वर्षं बंदीच्या काळात वाजवणाऱ्या चर्चवर जमाव चालून गेले, वाद्यं उचलून नेली, माणसं जखमी झाली. त्यानंतर सरकार, गा पारंपरिक मंडळ आणि चर्चच्या संघटना यांच्यात दरवर्षी वाटाघाटी होतात: आवाज आवाराबाहेर जाऊ नये, बाहेर स्पीकर लावू नयेत, वगैरे. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला कळतं. फक्त याला कोणी ‘अंधश्रद्धा विरुद्ध आधुनिकता’ म्हणू लागलं की चिडचिड होते. या भांडणात दोन्हीकडे देवच आहेत. भांडण आहे ते शहराच्या आवाजावर हुकूम कोणाचा, यावर.

गा लोकांच्या पूजेतल्या क्पेले गाण्यांबद्दल एक गंमत. त्यांत गा भाषेबरोबर ग्वान आणि आकान भाषांचे शब्द मिसळलेले असतात, आणि गाणाऱ्यांनाही सगळे कळत नाहीत. आपले सिद्दी आठवतात का? गुजरातेत रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर ‘धमाल’ नावाचा नाच करताना ते जी गाणी म्हणतात त्यांत पूर्व आफ्रिकेतल्या भाषांचे शब्द आहेत, अर्थ विसरला तरी टिकलेले. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आपल्याला हा समाज नावाने माहीत असतो, गाण्याने फारसा नाही. देवाला कळलं म्हणजे झालं, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

दक्षिणेत इस्वातिनीला इन्क्वाला होतो, डिसेंबर-जानेवारीत, राजाचा आणि नव्या पिकाचा सण. इथे दोन कल्पना मोडून पडतात. पहिली, आफ्रिका म्हणजे ढोल. स्वाझींचं हे समूहगान ढोलाशिवाय चालतं; हजारो पावलं आणि गळे, बस. दुसरी, राजाच्या सणात राजाची स्तुती असणार. इन्क्वालाच्या पवित्र गाण्यांत राजाला सांगितलं जातं की लोक तुझा द्वेष करतात. मानववंशशास्त्रज्ञ हिल्डा कुपर यांनी राजे सोभुझा दुसरे यांच्या काळात हे सगळं सविस्तर नोंदवलं. त्याच क्षेत्रातल्या मॅक्स ग्लकमन यांनी 1950 च्या दशकात त्यावरून प्रसिद्ध मांडणी केली: हे विधीतलं बंड आहे, वाफ निघून जाते आणि गादी आणखी पक्की होते. पुढे टी. ओ. बाइडलमन यांनी ती खोडली. त्यांच्या मते गाणी बंडाची नाहीतच. राजाला सगळ्या गटांपासून, नातलगांपासून वेगळं काढून एकटं पाडायचं आणि त्या एकटेपणातून त्याला शक्ती द्यायची, असा तो विधी आहे.

माझा कल बाइडलमन यांच्याकडे जातो. ‘वाफ निघून जाते’ हे स्पष्टीकरण फार सोयीचं आहे, कुठेही चिकटवता येतं. त्यात गाणारे लोक कुकरच्या शिट्टीइतकेच उरतात. तेचिमानच्या पुजाऱ्याची मांडणी वरवर तशीच वाटते, पण नीट पाहिलं तर तो ऐकणाऱ्या राजाच्या आजाराबद्दलही बोलत होता. ग्लकमन यांच्या हिशेबात राजाला काहीच होत नाही.

आणि वाफ खरंच निघून जात असती तर ही गाणी सणाबाहेर गेली नसती. ती गेली. आग्नेय नायजेरियात इग्बो बायकांची एक जुनी रीत होती: बायकोला मारणाऱ्या किंवा बाजाराचे नियम मोडणाऱ्या पुरुषाच्या घराला रात्री वेढा घालायचा, नाचायचं, त्याच्या पौरुषावर गाणी म्हणायची, तो शरण येईपर्यंत हलायचं नाही. 1929 मध्ये इंग्रज सरकार बायकांवर कर बसवणार अशी बातमी पसरली, तेव्हा हजारो बायकांनी हेच हत्यार सरकारने नेमलेल्या मुखियांवर आणि कचेऱ्यांवर चालवलं. सैनिकांनी गोळीबार केला, पन्नासच्या आसपास बायका मारल्या गेल्या. अधिकाऱ्यांना तो दंगा वाटला, कारण गाण्याचा परवाना त्यांना वाचता येत नव्हता. 1940 च्या दशकाच्या शेवटी नायजेरियातल्याच आबेओकुटा या योरुबा शहरात फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी राजवाड्यापुढे ठाण मांडून अलाकेवर, म्हणजे तिथल्या राजावर, एकापेक्षा एक झोंबरी गाणी रचली. जानेवारी 1949 मध्ये त्याला गादी सोडावी लागली; पुढे तो परतला, ती गोष्ट वेगळी. फुन्मिलायोंचा मुलगा, गायक फेला कुटी, याने पुढे लष्करी राजवटीला गाण्यातून काय सुनावलं, ते अनेकांनी ऐकलं असेल.

परवाना कधीकधी हाताबाहेरही जातो. घाना-टोगोच्या किनाऱ्यावरच्या आन्लो-एवे लोकांत ‘हालो’ नावाची चढाओढ असे: दोन वाड्यांनी एकमेकांची उणीदुणी गाण्यात रचून आळीपाळीने ऐकवायची. कवित्व अफाट, पण प्रकरण हातघाईवर यायचं. शेवटी सरकारने त्यावर बंदी घातली.

धार्मिक बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र आफ्रिकेबाहेर आहे. एकोणिसाव्या शतकात योरुबांचं ओयो साम्राज्य कोसळलं आणि मोठ्या संख्येने योरुबा लोक गुलाम म्हणून क्युबा आणि ब्राझीलला नेले गेले. देऊळ गेलं, राजा गेला, बाजार गेला, पंचांग गेलं. गाण्यांचा क्रम राहिला. हवानात आजही ओरिशांची, म्हणजे योरुबा देवांची, गाणी सुरू होतात ती एलेगुआपासून, म्हणजे केतूच्या बाजारात ओरो एफे ज्याला पहिलं नमन करतो त्याच एशूपासून. वाट उघडणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणाशीच बोलायचं नाही, हा नियम समुद्र ओलांडून गेला तो गाण्याच्या रांगेतून.

आज काय उरलंय, याचं उत्तर गावागणिक वेगळं आहे. नायजेरियातल्या ओशोग्बोला ऑगस्टमध्ये ओशुन देवीचा उत्सव होतो. तिथली नदीकाठची राई 2005 पासून जागतिक वारसा आहे. प्रसाद वाहून नेणाऱ्या अरुग्बा या कुमारिकेमागे गर्दी ‘ओरे येये ओ’ गात नदीवर जाते, आणि बाजूने कंपन्यांचे फलक, राजकारण्यांच्या टोप्या आणि ड्रोनही चालतात. लोक याला नाकं मुरडतात. मला ते तितकंसं खटकत नाही. मूल होऊ दे म्हणून गाणारी बाई फलकाकडे बघत नसते. मला काळजी वाटते ती टीकेच्या गाण्यांची. मंत्री पाहुणे म्हणून व्यासपीठावर बसले की संयोजक ओरो एफेला ‘जरा जपून’ सांगतात, आणि पर्यटकांसाठी तासाभरात बसवलेल्या कार्यक्रमात नमन कापलं जातं. नमन कापलं की टीका करायचा हक्कही कापला जातो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. किंवा चांगलंच येतं.

ऐकायचं असेल तर पाच मिनिटांच्या चित्रफिती टाळा. गेलेदेचं रात्रीचं, न कापलेलं ध्वनिमुद्रण मिळालं तर पहिला अर्धा तास शब्द कळत नसले तरी ऐका, आणि झील कुठे जाड होते ते टिपत जा. होमोवोसाठी बंदी उठतानाचा ओदादा ऐका. इन्क्वालाच्या पवित्र गाण्यांच्या मागे मात्र लागू नका. ती सणाच्या दिवसांबाहेर गायची नसतात, आणि एरवी विचारलं तर स्वाझी माणूस तुम्हाला दुसरंच कुठलं तरी गाणं म्हणून दाखवेल.